थिबा पॉइंटचं उद्यान, मागचा राजवाडा आणि खालची खाडी: रत्नागिरीकर, इकडे या

सड्यावरची:
हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. सुट्ट्या लागल्या की प्रश्न येतात, गणपतीपुळ्याला चाललोय, रत्नागिरीत काय बघू, आणि उत्तरंही ठरलेली, रत्नदुर्ग करा, भाट्ये करा, आंबे घ्या, आणि शेवटी "थिबा पॅलेस पंधरा मिनिटांत होतो". हे पंधरा मिनिटांचं वाक्य वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. एका राजाचं अर्धं आयुष्य आमच्या गावात गेलं आणि ते आपण पार्किंग शोधायला लागतो तेवढ्या वेळात उरकतो.

ज्यांनी पाहिलं नाहीये त्यांच्यासाठी, थिबा पॅलेसवरून तसंच पुढे गेलात की डोंगराच्या टोकाला थिबा पॉइंट लागतो, तिथेच आपलं जिजामाता उद्यान. बाग म्हणून बघायला गेलं तर फार मोठी नाही, बाकं, झाडं, मुलांना पळायला जागा, आता संभाजी महाराजांचा भव्य पुतळाही आहे. पण खरी गोष्ट कठड्यापाशी आहे. खाली काजळी नदीची खाडी पसरलेली दिसते, काठाला राजिवड्याची वस्ती, लागून होड्या, पुढे भाट्येचा पूल, पलीकडे सुरूचं बन आणि मग नुसता समुद्र. डावीकडे वळून बघितलं तर सोमेश्वरच्या बाजूच्या माडांच्या रांगा. संध्याकाळी अख्खी रत्नागिरी इथे फिरायला येते, कॉलेजची मुलं, नातवंडांना घेऊन आलेले आजीआजोबा, ऑफिस सुटल्यावर टेकायला आलेली माणसं.

राजा इथे येऊन समुद्राकडे बघत बसायचा असं गावात सांगतात. थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1878 ला गादीवर बसला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला, राणीला, मुलींना बोटीत बसवून आधी रंगून, मग मद्रास, आणि एप्रिल 1886 मध्ये 'क्लाइव्ह' नावाच्या जहाजातून रत्नागिरीला आणून उतरवलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. डिसेंबर 1916 ला इथेच गेला. तीस वर्षं!! आणि आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो तो बांधून झाला 1910 ला, म्हणजे चोवीस वर्षं हे कुटुंब साध्या बंगल्यांमध्ये काढून मग या वाड्यात आलं आणि राजाला तिथे जेमतेम सहा वर्षं मिळाली.

एवढं डोक्यात ठेवून त्या कठड्यापाशी उभं राहिलं ना, की तोच सनसेट वेगळा दिसतो. ज्यांना जे माहीत आहे ते लिहा, फोटो टाका, नुसतं छान छान नको, नीट माहिती जमा करूया. कशासाठी ते पुढे सांगते.

आशिष_डोंबिवली:
ताई मस्त धागा. आम्ही मूळचे लांज्याकडचे पण गाडीतून उतरलो की सरळ गावी, रत्नागिरी शहर कधी नीट बघितलंच नाही. मे महिन्यात आईबाबा आणि दोन लहान मुलं घेऊन येतोय. बाबांचे गुडघे दुखतात. पॅलेस, उद्यान हे त्यांना झेपेल का आणि दिवसाची कुठली वेळ बरी?

काजळीकाठ:
आशिष दादा, मे मध्ये येताय तर दुपारी बारा ते चार घरात नाहीतर सावलीत काढा, आमच्याकडे घाम एवढा येतो की पोरं चिडचिडी होतात. सकाळी पॅलेस करा. आत आता सरकारी म्युझियम आहे, सोमवारी बंद असतं म्हणून वार बघून या. खालचा मजला बाबांना आरामात जमेल, वर जायला जिने आहेत, नसेल जमत तर त्यांना मागच्या बाजूला बुद्धमूर्ती आहे तिथे बसवा, शांत आहे. उद्यानात मात्र संध्याकाळीच या, ऊन उतरलं की. रिक्षा थेट पॉइंटपर्यंत जाते त्यामुळे चढ चढायचा प्रश्न नाही.

ट्रेनने येणार असाल तर स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे हे लक्षात ठेवा, उतरून लगेच समुद्र दिसेल असं वाटतं लोकांना, तसं नाहीये. बाहेर रिक्षा मिळतात, एसटीपण आहे.

मुलांना घेऊन येताय तर झाडगावचं मत्स्यालय चुकवू नका, सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं आहे ते. देवमाशाचा भलामोठा सांगाडा आहे तिथे, मुलं त्याच्याखाली उभी राहून वर बघत बसतात. टाक्यांतले मासे वेगळे. दुपारच्या उन्हात जायला तीच बरी जागा.

चिरेबंदी:
मी बांधकामातला माणूस आहे त्यामुळे पॅलेसकडे मी थोडा वेगळ्या नजरेने बघतो. तीन मजली इमारत, उतरती छपरं, अर्धगोल कमानीच्या लाकडी कोरीव खिडक्या, वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचा नृत्याचा हॉल. लोक खिडक्यांचे फोटो काढतात पण त्या खिडक्या तिथे का आहेत हे बघा. समुद्राकडून येणारा वारा खोलीत घ्यायचा आणि पाऊस मात्र आत येऊ द्यायचा नाही, हा कोकणातल्या प्रत्येक घराचा प्रश्न आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही तिरपा, वाऱ्याबरोबर. त्यावर उतरती छपरं, पुढे आलेले सज्जे आणि उंच खोल्या हेच उत्तर आहे. मे मध्ये आत शिरलात की अंगाला फरक जाणवतो, ना एसी ना काही.

दुसरं म्हणजे जांभा. वाड्याचा लाल रंग आपल्याच मातीचा आहे. जांभा खाणीत ओला असताना मऊ असतो, हत्याराने सहज कापला जातो, म्हणून पूर्वी माणसं हातानेच चिरे काढायची, आणि तोच चिरा बाहेर हवेवर ठेवला, वाळला की कडक होतो. घाट आणि कोकण उभे आहेत त्या काळ्या बेसॉल्टचीच पावसाने झीज होऊन हजारो लाखो वर्षांत वर हा लोहाचा तांबडा थर तयार झालाय. म्हणजे तुम्ही थिबा पॉइंटवर ज्या डोंगरावर उभे असता आणि मागे जो वाडा बघता ते दोन्ही एकच. लाकूड मात्र ब्रह्मदेशचं सागवान. राजाला त्याच्या देशातली एवढी एक गोष्ट रोज हाताला लागत असणार, दाराखिडक्यांचं लाकूड.

गिलावा उकललेल्या भिंती बघितल्या की जीव तुटतो. जांभ्याला सिमेंटचा जाड गिलावा मारला की आतली ओल बाहेर पडत नाही, चुन्याचाच हवा. जुन्या इमारतीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कळकळीने सांगतो मी.

जुनीपानं:
चिरेबंदी, सागवानाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून बराच वेळ थांबलो.

मला एक गोष्ट इथे नोंदवायची आहे जी शाळेत आपल्याला कोणी एकत्र सांगत नाही. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, 23 जुलै 1856. टिळक आळीतलं ते घर आता स्मारक आहे. 1908 मध्ये त्यांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि इंग्रजांनी त्यांना ठेवलं कुठे, तर मंडालेला. 1914 पर्यंत ते तिथे होते. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत आणि रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदेत, आणि हे एकाच वेळी चालू होतं. पॅलेस बांधून पुरा झाला 1910 ला, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते.

त्याआधी बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला पाठवलं, तो 1862 ला तिथेच गेला. माणसाला त्याच्या लोकांपासून समुद्रापलीकडे नेऊन ठेवायचं हे इंग्रजांचं ठरलेलं धोरण होतं. राजा देशात असला की त्याच्याभोवती माणसं जमतात. रत्नागिरी का निवडली तर तेव्हा इथे रेल्वे नव्हती, घाटातून येणं सोपं नव्हतं, येणंजाणं मुख्यतः बोटीने आणि पावसाळ्यात ती वाटही बंद, ब्रह्मदेशातून कोणी भेटायला येणं जवळजवळ अशक्य. आज आपण जिथे निवांत वाटतं म्हणून येतो ती जागा त्याला दिली गेली कारण ती सगळ्यांपासून लांब होती. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला 1998 उजाडलं यावरून अंदाज करा.

राजाची समाधी शिवाजीनगरला आहे, धाकट्या राणीचीही तिथेच, ती 1912 ला गेली. राजा गेल्यावर दफन लगेच झालं नाही, कुटुंबाला त्याला मायदेशी न्यायचं होतं, सरकारने परवानगी दिली नाही, शेवटी 1919 मध्ये इथेच दफन केलं आणि त्याच वर्षी थोरली राणी सुपयालत आणि घरची माणसं रंगूनला परतली. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम रत्नागिरीत येऊन समाधीपुढे नतमस्तक झाले. 2016 ला शंभर वर्षं झाली तेव्हा वंशजही आले होते. बाहेरून माणसं एवढ्या लांबून येतात आणि आपल्यातल्या अनेकांना समाधी कुठे आहे हेही विचारावं लागतं.

आशिष_डोंबिवली:
बाप रे, टिळक आणि थिबा एकाच वेळी हे मला अजिबात माहीत नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले जायचंच आता, गुडघे बघू नंतर.

बंदरकर:
आमची वाडी खालीच, तुम्ही वरून जी बघता ती. लहानपणापासून आम्ही खालून वर बघतो, तुम्ही वरून खाली, तर खालचं थोडं मी सांगतो.

संध्याकाळी उद्यानात उभं राहून होड्या बघायच्या तर भरती कधी आहे ते आधी बघून या. खाडीच्या मुखाशी गाळ साचतो, ओहोटीला पाणी एवढं कमी होतं की बोट टेकते, म्हणून आमची माणसं भरतीची वाट बघतात आणि भरती आली की एकामागे एक सगळ्या बोटी निघतात. ते वरून बघण्यासारखं असतं. मुखाशी लाट उभी राहते तिथे बोट काढणं हे काम सोपं नाही, जाणती माणसंच सुकाणू धरतात. तुम्ही वरून शांत पाणी बघता, ते शांत नसतं.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, 61 दिवस, माशांच्या विणीचा काळ म्हणून. तेव्हा आलात तर होड्या वर ओढून शाकारलेल्या दिसतील, जाळी विणणं, दुरुस्त्या, रंग चाललेला असतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की गाव परत हलायला लागतं. मोठं बंदर म्हणाल तर मिरकरवाडा, तिकडे सकाळी लिलाव बघायला जा पण पायात चांगली चप्पल घाला आणि माणसांच्या वाटेत उभे राहू नका, त्यांची कामाची घाई असते. फोटो काढायचा तर विचारून काढा, कोणी नाही म्हणत नाही.

बकुळफूल:
बंदरकर दादा, फार छान लिहिलंत.

मला उद्यानाबद्दल बोलायचंय. आपल्याकडे बाग सुधारायची म्हणजे पेव्हर ब्लॉक टाकायचे, रंगीत लाइट लावायचे आणि बाहेरून आणलेली शोभेची झाडं लावायची असं होत चाललंय सगळीकडेच. थिबा पॉइंटसारख्या जागी खारा वारा एवढा लागतो की नाजूक झाडं दोन पावसाळे काढत नाहीत, पानांच्या कडा करपतात. मग परत नवी आणा. त्यापेक्षा जी झाडं समुद्रकाठी हजारो वर्षं उभी आहेत तीच लावा ना, उंडी, करंज, भेंड, बकुळ, सुरंगी. उंडीची पानं जाड चकचकीत, खारं सोसतात, सावली दाट, फुलांना वास. सुरंगी तर आपल्या कोकणाचंच झाड, मार्चमध्ये फुललं की अख्ख्या उद्यानात घमघमाट. पर्यटक आला तर त्याला मुंबईच्या कुठल्याही बागेत दिसतं तेच इथे का दाखवायचं?

मारुतीमंदिर_पालक:
ताई झाडांचं पटलं पण लाइट आणि फरशीला सरसकट नावं ठेवू नका. माझी मुलं पाच आणि आठ वर्षांची आहेत, शहरात त्यांना मोकळं पळायला अशा जागा किती राहिल्यात सांगा. पावसाळ्यात मातीच्या पायवाटेवर शेवाळं धरतं, माझी सासू एकदा घसरली होती दुसऱ्या एका बागेत, मनगट मोडलं. म्हाताऱ्या माणसांना कठडा, उजेड, सपाट वाट हे हवंच. संध्याकाळी सातनंतर बायका निर्धास्त बसू शकतात ते उजेड आहे म्हणून. बाग ही बघायची वस्तू नाही, आमची रोजची जागा आहे.

बकुळफूल:
उजेड नको असं मी म्हणत नाहीये, उजेड वाटेवर हवा, झाडांवर रंगीबेरंगी नको. आणि फरशी टाकताना झाडाच्या बुंध्याला गळपट्टा आवळल्यासारखं सिमेंट नको, चहूबाजूंनी माती मोकळी ठेवली तर पाणी मुरतं, झाड जगतं, वाटही सुकी राहते. दोन्ही होऊ शकतं. सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं, आता बऱ्या आहेत ना?

मारुतीमंदिर_पालक:
हो आता बऱ्या आहेत, रोज फिरायला जातात पण तिकडे नाही, थिबा पॉइंटलाच. बुंध्याभोवती माती मोकळी ठेवायचं पटलं, हे लिहून द्यायला हवं कुठेतरी.

चिरेबंदी:
दोघींचं बरोबर आहे. मी एक सुचवतो, वाटांना जांभ्याचेच चिरे वापरा. खडबडीत असतात त्यामुळे पाय घसरत नाही, पाणी थोडं पितात, आणि मागच्या वाड्याशी रंग जुळतो. शेवाळं धरतं खरं पण पावसाआधी आणि नंतर एकदा घासून घेतलं की झालं. सिमेंटच्या ब्लॉकइतकं तापतही नाही, अनवाणी मुलं चालतील.

मंगला_नेवरे:
मी वयाने मोठी आहे, टायपिंग हळू होतं, सांभाळून घ्या. राजकन्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. राजाला चार मुली. दोघी मंडालेत जन्मलेल्या, तिसरी मद्रासला आणि धाकटी इथे रत्नागिरीत. आपल्या बरोबरीच्या मुली नाहीत, लग्नं जुळवायला कोणी नाही, बाहेर मनासारखं फिरणं नाही, अशा त्या वाढल्या. मोठ्या राजकन्येचं मन इथल्याच एका माणसावर बसलं, वाड्यावर नोकरीला होता, आणि तिला मुलगी झाली, टूटू. सगळे परत ब्रह्मदेशात गेले तरी मोठी राजकन्या लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीत आली आणि 1947 मध्ये इथेच वारली. टूटू तर पुरी रत्नागिरीकर झाली, मराठी बोलायची, संसार इथेच, आणि दिवस हलाखीचे. 2000 साली ती गेली. राजाची नात आणि आपल्या गल्लीत राहून आपल्यासारखीच चूल पेटवणारी बाई.

आमच्या लहानपणी घरातल्या बायका पॅलेसचा विषय निघाला की राजापेक्षा या मायलेकींबद्दलच जास्त बोलायच्या. मला नेहमी वाटतं, राजाच्या दुःखाला वाडा आहे, समाधी आहे, राष्ट्राध्यक्ष येऊन गेले. त्या मोठ्या मुलीने परत यायचं ठरवलं, आपलं गाव निवडलं, तिचं नाव कुठे आहे? तुम्ही माहिती जमा करताय तर तिचं नाव घ्या बाळांनो. म्यात फया जी असं म्हणतात तिला.

सड्यावरची:
मंगलाकाकू, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं. घेणारच तिचं नाव.

आता सांगते कशासाठी धागा काढला. मला थिबा पॉइंटवर एक मोठा फलक हवाय, कठड्यापाशी, उभं राहून वाचता येईल असा. वरच्या भागात समोर जे दिसतं त्याचं रेखाचित्र आणि नावं, खाली राजाची गोष्ट, मराठीत, आणि सोबत बर्मी भाषेतही, कारण तिथून माणसं येतात. तसा अर्ज नगरपरिषदेला द्यायचाय. अर्जासोबत मजकूर तयार असेल तर काम लवकर होतं असं मला वाटतं, म्हणून तुम्हा सगळ्यांकडून जमवतेय. बकुळ ताई आणि चिरेबंदी दादांचं झाडांचं आणि वाटांचं वेगळ्या कागदावर जोडू.

काजळीकाठ:
+1. माझी सही धरा. पॅलेसच्या आवारात जानेवारीत संगीत महोत्सव होतो ना, तेव्हा बाहेरून खूप माणसं येतात, थंडीत उघड्यावर, मागे उजळलेला वाडा, पुढे गाणं. सह्या तिथे पटकन गोळा होतील. ऐकायला येणारी माणसं अशा कामाला नाही म्हणत नाहीत.

आशिष_डोंबिवली:
माझीपण सही. जाताजाता एक शंका, मांडवीची वाळू काळी आणि मिऱ्याकडची पांढरी असं का? मुलगी विचारतेय, तिने फोटोत बघितलं.

चिरेबंदी:
तिला सांगा की मांडवीच्या वाळूत इल्मेनाइट नावाचं जड काळं खनिज असतं, लोखंड आणि टायटॅनियमचं. आपल्या काळ्या दगडाची झीज होऊन नद्यांबरोबर खाली येतं आणि लाटा हलकी वाळू ओढून नेतात, जड तिथेच राहते. मिऱ्याच्या बाजूला शिंपल्यांचा चुरा जास्त. येताना एक लोहचुंबक घेऊन या, मांडवीच्या वाळूत फिरवा, काळे कण चिकटलेले तिलाच दिसतील. बोटींचं बंदर होतं हे मांडवी म्हणजे, रस्ते व्हायच्या आधी मुंबईहून येणारी माणसं मोठ्या बोटीतून छोट्या होडीत उतरून इथे किनाऱ्याला लागायची.

शीळ_धरण:
उशिरा आलो धाग्यावर. पावसाळ्यातल्या थिबा पॉइंटबद्दल कोणीच लिहिलं नाही. जूनमध्ये खाडीचं पाणी लालसर होतं, डोंगरांवरची माती घेऊन नदी येते आणि समुद्राच्या करड्या पाण्यात ती लाल जीभ लांबपर्यंत आत गेलेली वरून स्पष्ट दिसते. समोरून पाऊस चालत येताना दिसतो, आधी भाट्ये जातं, मग पूल, मग राजिवडा, आणि मग तुम्ही भिजता. ऑगस्ट सप्टेंबरला आजूबाजूच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, रानफुलं येतात. त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, उक्षी, जांभरूण, कशेळी, 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत ती. आशिष, मे मध्ये फुलं नाही मिळणार, पण कातळशिल्पं उन्हातच जास्त नीट दिसतात, सकाळच्या तिरप्या उन्हात.

आणि रत्नदुर्गावर जाल तेव्हा दीपगृहाच्या बाजूने मागे वळून शहराकडे बघा. तीन बाजूंनी समुद्र, भगवतीचं देऊळ आणि तटावर वारा एवढा की टोप्या सांभाळा.

जुनीपानं:
सड्यावरची ताई, फलकावर दोन गोष्टी. एक, राजाच्या मृत्यूची तारीख वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी छापलेली दिसते म्हणून नुसतं "डिसेंबर 1916" लिहा, ते निर्विवाद आहे. दोन, टिळकांचं आणि मंडालेचं वाक्य वरच्या बाजूला ठेवा, मराठी माणूस ते वाचून थांबेल आणि मग पुढचं वाचेल. शिवाजीनगरच्या समाधीकडे जायची दिशा बाणाने दाखवा.

सड्यावरची:
दोन्ही घेतलं. रेखाचित्रात नावं कुठल्या बाजूने लिहायची? बंदरकर दादा तुम्ही सांगा, खालच्या वस्तीतल्या माणसाने सांगितलेलं हवं मला.

बंदरकर:
डावीकडून सुरू करा. सोमेश्वर, मग राजिवडा, मग भाट्येचा पूल, त्यापलीकडे भाट्येची पुळण आणि सुरूचं बन, नारळ संशोधन केंद्रही तिकडेच, 1955 चं आहे, आणि उजवीकडे मांडवी. खाडीच्या मुखाशी एक छोटी होडी काढा आणि बाजूला लिहा, भरतीच्या वेळी बोटी इथून बाहेर पडतात. भरतीओहोटीचं रोजचं वेळापत्रक लावायला फलकाखाली एक चौकट ठेवलीत तर ते बदलायचं काम आमच्या वाडीतली पोरं करतील, मी बोललोय त्यांच्याशी.